कसोल ते ग्रहण, एका दिवसात परत: वडिलांना नेणे शक्य आहे का?

नमस्कार मंडळी,

येत्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आम्ही चौघे जण गोव्यातील फोंड्याहून हिमाचलातील पार्वती खोऱ्यात जाणार आहोत. कसोलहून सकाळी निघून ग्रहण गाव पाहायचे आणि त्याच दिवशी परतायचे, असा बेत आहे. चौघांत माझे वडीलही आहेत, वय सदुसष्ट. हा धागा मुख्यतः त्यांच्यासाठी काढत आहे.

कसोल सुमारे 1,580 मीटर उंचीवर आहे. ग्रहण त्याहून साधारण साडेसातशे मीटर वर असून, ग्रहण नाल्याच्या काठाने, देवदारांच्या जंगलातून जाणारी वाट एका बाजूला आठ ते दहा किलोमीटर भरते. सुरुवातीची चाल सौम्य आणि शेवटचा टप्पा खडा, असे वाचले आहे. समुद्रकाठच्या माणसांना तिथली हवा सोसणार नाही, अशी भीती आम्हाला बऱ्याच जणांनी घातली. परंतु उंचीचा त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो आणि ग्रहण त्या मर्यादेच्या खालीच आहे, त्यामुळे ती चिंता मला फारशी वाटत नाही. मला चिंता आहे ती गुडघ्यांची आणि मावळतीची.

वडील आजही कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, रोज चढउतार करतात, आणि गेल्या हिवाळ्यात वाघेरीचा डोंगर त्यांनी आमच्या बरोबरीने चढला. चढताना त्यांना दम लागत नाही. उतरताना मात्र ते पाऊल आडवे टाकतात, काठीवर भार देतात आणि उंच पायरी आली की थबकून आधी काठी खाली टेकवतात. म्हणून उतरायला चढण्याहून कमी वेळ लागेल, हा नेहमीचा हिशेब आमच्या बाबतीत लागू पडत नाही. विश्रांतीसह जायला पाच तास, यायला पाच तास आणि गावात एक तास धरला, तर अकरा तास होतात. ऑक्टोबरच्या अखेरीस कुल्लू भागात दिवसच जेमतेम अकरा तासांचा असतो, सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो आणि अरुंद दरीतले ऊन त्याच्या कितीतरी आधी निघून जाते. म्हणजे हाताशी राखून ठेवायला अर्धा तासही उरत नाही.

काही मित्रांनी मलाण्याचा पर्याय सुचवला होता. जमलू देवतेचे ते गाव, तिथली कणाशी बोली, मंदिराच्या भिंतींना परक्यांनी हात न लावण्याचा नियम, हे सारे मला आदराने पाहावेसे वाटते. मात्र 2017 पासून देवतेच्या आज्ञेने पर्यटकांना गावात मुक्काम करू दिला जात नाही आणि 2024 च्या पुरात तिथल्या रस्त्याची मोठी हानी झाली, म्हणून तो विचार आम्ही सोडला. केवळ कसोलच्या बाजारात बसण्यातही रस नाही. कॅफे आणि परदेशी पाहुणे पाहायचे तर आम्हाला हणजूण जवळ आहे.

ग्रहणला अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे की खडी चढण नेमकी कुठून सुरू होते आणि तिथे दगडी पायऱ्या आहेत की निसरडी मातीची वाट. पावसाळ्यानंतर नाल्यावरचे पूल धड आहेत का, हेही कळावे, कारण ओंडक्यावरून तोल सांभाळत जाणे वडिलांना जमणार नाही. पार्वती खोऱ्यात पर्यटक बेपत्ता झाल्याच्या घटना घडल्या असल्यामुळे स्थानिक वाटाड्या घ्यायचे आम्ही ठरवलेच आहे. तो कसोलमध्ये आदल्या संध्याकाळी मिळतो की आधी ठरवावा लागतो?

हिशेब बसत नसेल तर गावात एक रात्र राहण्याची आमची तयारी आहे. त्या दिवसांत तिथे घरगुती मुक्कामाची सोय मिळते का आणि गावाचे कोणते नियम पाळावे लागतात, हे कळवावे. मुक्काम शक्य नसल्यास, खड्या टप्प्याच्या अलीकडे बसण्याजोगी एखादी जागा सुचवावी, जिथे बारा वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर वडिलांना घेऊन मी मागे फिरेन आणि बाकीचे दोघे वाटाड्यासोबत गावापर्यंत जाऊन येतील.