इस्तंबूल : 'का जावं?' याचं तुमचं उत्तर काय? (अनुभव धागा)

सांजवेळ
परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, आयुष्यात एकच परदेशी शहर बघायला मिळणार असेल तर कुठलं?" मी पटकन इस्तंबूल म्हणून मोकळी झाले. "का पण?" म्हणाला. झालं, आया सोफिया, निळी मशीद, तोपकापी राजवाडा... माझी गाडी सुटली. "हे सगळं गूगलवर आहे गं." खरंच की. फोन ठेवल्यावर भराभर जे आठवायला लागलं, त्यात या तिघांपैकी एकही नव्हतं.

काराकॉयच्या धक्क्यावरून कादिकॉयला जाणारी संध्याकाळची फेरीबोट आठवली. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. बोटीत बहुतेक सगळी ऑफिस सुटलेली माणसं. एक जण ट्रे घेऊन बाकांमधून फिरत असतो, त्यात कमरेत बारीक असलेले काचेचे छोटे पेले, प्रत्येक बशीत साखरेचे दोन चौकोन. बोट डुलते पण त्याचा चहा काही हिंदकळत नाही. मागे सुलेमानिये मशिदीचे घुमट आणि मिनार काळे होत जातात, सीगल बोटीच्या बरोबरीनं उडतात आणि लोक सिमितचे (तीळ लावलेल्या गोल पावाचे) तुकडे हवेत भिरकावतात. माझ्या शेजारच्या बाईनं या सगळ्या वेळात एकदाही मान वर केली नाही. मोबाईलवर भाजीचे की कसले तरी फोटो बघत होती. हे असं दृश्य ज्यांना रोजचं झालंय ती माणसं बघायला जा, असं त्याला सांगायला हवं होतं.

तुम्ही गेला असाल, राहिला असाल, वैतागून परत आला असाल, सगळं चालेल. लिहा.

चकवा
मांजरी. माझं उत्तर संपलं.

भरतीओहोटी
चकवा +१. दुकानाच्या गल्ल्यावर, मशिदीच्या पायरीवर, मेट्रोच्या फिरत्या दारावर, सगळीकडे महाराणी आडव्या. आया सोफियात ग्ली नावाची किंचित तिरळी मांजर होती, २००९ मध्ये ओबामा आले तेव्हा त्यांनीही तिला गोंजारलं होतं. २०२० मध्ये ती गेली तर बातमी खुद्द इस्तंबूलच्या गव्हर्नरांनी दिली. आपण गेल्यावर कोण देणार आहे :)

पोटोबा
शाकाहारी मंडळींसाठी लिहितो, कारण मला सगळ्यांनी फार घाबरवून पाठवलं होतं. मेर्जिमेक म्हणजे लाल मसुराचं सूप, कुठल्याही साध्या खानावळीत सकाळपासून मिळतं. लिंबू पिळायचं, वरून तिखट भुरभुरायचं, सोबत पाव येतच राहतो. फक्त काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेवढं विचारून घ्या. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्यांचा तर वेगळा विभागच असतो. वांग्याचे प्रकार मोजायच्या भानगडीत पडू नका.

आणि चिय क्योफ्ते! मूळचा पदार्थ कच्च्या मांसाचा, पण आता दुकानांत मिळतो तो बिनमांसाचा. बारीक बुलगुर (दलियासारखा भरडलेला गहू), मिरची नि टोमॅटोचा लगदा आणि मसाले खूप वेळ मळतात. दुकानदार त्याचा गोळा मुठीत दाबून देतो, त्यावर त्याच्या चारही बोटांचे खळगे उमटलेले असतात. सॅलडच्या पानात ठेवायचा, वर डाळिंबाचा आंबट पाक. मी दुपारी तेच आणि रात्रीही तेच खाल्लंय. बायको अजून त्यावरून बोलते.
(पुढचं नंतर, कुकर झाला)

वैतागवाडी
थोडं पाणी ओततो. शहर सुंदर, वाद नाही. पण टॅक्सी! एका टॅक्सीवाल्यानं आम्हाला जुन्या शहराभोवती अशी प्रदक्षिणा घडवली की तटबंदी वेगळी बघायची गरज राहिली नाही. शिवाय ती बूटपॉलिशवाल्यांची गंमत. पुढे चालणाऱ्याचा ब्रश 'चुकून' पडतो, तुम्ही भला माणूस म्हणून उचलून देता, तो आभार मानून जबरदस्ती बूट पुसतो आणि मग पैसे मागतो. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी तर सँडल घातले होते, तरी सुटले नाहीत.
महागाईही बरीच. लिराचे, म्हणजे तिथल्या चलनाचे, भाव दर महिन्याला वेगळे, म्हणून मोठ्या ठिकाणांची तिकिटं आता युरोत सांगतात. आया सोफियात परदेशी पर्यटकांना २०२४ पासून २५ युरो आणि तेही फक्त वरच्या सज्जात.

जुनापाना
वैतागवाडी, सज्जाला 'फक्त' म्हणू नका हो. चांगले मोझेक वरच आहेत. आणि संगमरवरी कठड्यावर कुणा व्हायकिंग शिपायानं खरडलेली अक्षरं आहेत, त्यातलं हाफदान एवढं नावच काय ते वाचता येतं. बायझंटाइन सम्राटांच्या पदरी हे उत्तरेकडचे भाडोत्री शिपाई असायचे. प्रार्थना लांबली असणार, हा कंटाळला असणार. हजारेक वर्षांपूर्वीचा कंटाळा तुम्हाला बोटानं दाखवता येतो, मला तर २५ युरो वसूल वाटले.

आया सोफिया ५३२ ते ५३७ अशी पाचच वर्षांत उभी केलीय. घाई इतकी की भूकंपानं हादरलेला घुमट ५५८ मध्ये कोसळला, मग जास्त उंच आणि कमी चपटा असा नवा बांधला, ५६२ मध्ये पूर्ण झाला. चर्च, १४५३ नंतर मशीद, विसाव्या शतकात संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. खालून वर बघायचं सुख आता पर्यटकांना नाही ही हळहळ मात्र मलाही आहे.

तळघर
मी जमिनीखालचा माणूस, माझी कारणं सगळी खालची.
येरेबातान. सम्राट जस्टिनियनच्या काळातली पाण्याची टाकी, ३३६ खांब. खांब बहुतेक जुन्या इमारतींमधून उचलून आणलेले, त्यामुळे सगळे एकसारखे नाहीत. कोपऱ्यात दोन खांबांखाली ग्रीक पुराणातल्या मेडुसाची डोकी आहेत, एक आडवं, एक चक्क उलटं. कुणी म्हणतं शाप लागू नये म्हणून, मला वाटतं गवंड्याला फक्त उंची जुळवायची होती.

दुसरं, मार्माराय. समुद्राखालून युरोप-आशिया जोडणारी रेल्वे, २९ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. खूप आधी व्हायची होती, पण येनिकापीला स्टेशनासाठी खणायला घेतलं तर सम्राट थिओडोसियसचं बुजलेलं बंदरच सापडलं. ३७ जहाजं! काहींत माल जसाच्या तसा. आणखी खाली गेले तर नवाश्मयुगातल्या माणसांच्या पावलांचे ठसे, आठ हजार वर्षांपूर्वीचे. आता तिथं लोक सकाळी कानात हेडफोन घालून गाडी पकडतात.

मीठमिरची
मार्मारायवरून आठवलं, आत शिरताना कार्डातून सगळ्यात लांबच्या अंतराचं भाडं कापतात. बाहेर पडल्यावर छोटं मशीन असतं, त्यावर कार्ड टेकवलं की उरलेले पैसे परत. पर्यटक तसेच निघून जातात. माझ्या नवऱ्यानं ते मशीन शोधल्यावर जो आनंद व्यक्त केला तो लग्नातही केला नव्हता.

चकवा
मीठमिरची 😂😂

ओलीसुकी
आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. गुडघे दुखतात त्यांचे, आणि ते शहर म्हणजे नुसते चढ आणि दगडी फरशा. ज्येष्ठांना नेणार असाल तर काराकॉयहून वर इस्तिकलाल रस्त्याला जायला त्युनेल वापरा. १८७५ ची भुयारी गाडी आहे, लंडननंतरची जगातली सर्वात जुनी. दीड-दोन मिनिटांत चढ संपतो. त्यांना ती बॉस्फरसच्या सामुद्रधुनीपेक्षा जास्त आवडली, खोटं नाही सांगत.

सुलेमानियेच्या अंगणात आम्ही दमून बसलो होतो. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजींनी पर्समधून बाटली काढली आणि सासूबाईंकडे बघून हात पुढे करा अशी खूण केली. यांनी उजव्या हाताखाली डावा धरून रीतसर पसा केला, आजींनी त्यात ओतलं, आणि या तीर्थ म्हणून तोंडाला लावणार एवढ्यात मी हात धरला. लिंबाचं कोलोन्या, म्हणजे सुगंधी पाणी होतं! तिथं पाहुण्यांच्या हातावर घालतात, चोळून घ्यायचं, ताजंतवानं वाटतं. आजींना काय झालं ते कळलं आणि त्या अशा हसल्या की बस. मग दोघी बराच वेळ बोलत होत्या, एक तुर्कीत, एक मराठीत. विषय गुडघे असावा, कारण दोघी आपापले दाखवत होत्या.

सांजवेळ
ओलीसुकी, अगं काय सुरेख! वाचून दाखवलं घरात.

जुनापाना
सुलेमानियेतच तिचा वास्तुकार सिनानची स्वतःची कबर आहे, आवाराबाहेरच्या कोपऱ्यावर, जिथं रस्ता फुटतो तिथं. एवढीशी. सुलतानासाठी १५५० ते १५५७ ही मशीद बांधली आणि स्वतःला फाट्यावरची तिकोनी जागा घेतली. आत हजारो दिव्यांची काजळी भिंतींवर बसू नये म्हणून हवा दरवाजावरच्या खोलीकडे खेचली जाईल अशी रचना केली, आणि ती काजळी खरवडून शाई करायचे. निळ्या मशिदीपुढे रांग असते, इथं निवांत बसता येतं. मी तर म्हणेन तिथूनच सुरुवात करा.

उंबरठा
नोकरीनिमित्त तिथं राहिलेय, म्हणून एक वेगळं कारण. १० नोव्हेंबर. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क १९३८ मध्ये याच दिवशी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी दोल्माबाहचे राजवाड्यात वारले. मला हे माहीत होतं, पण कामावर जायच्या गडबडीत तारीख लक्षात नव्हती. बेशिकताशच्या रस्त्यावर होते. एकदम भोंगे सुरू झाले. बस थांबली, गाड्या थांबल्या, ड्रायव्हर दार उघडून बाहेर येऊन ताठ उभे. समुद्रावरच्या बोटींचे भोंगे त्यात मिसळले. माझ्या पुढे एक मुलगा सिमितचा घास तोंडात असताना तसाच उभा होता, चावत नव्हता. मग भोंगे थांबले आणि पुढच्या क्षणी सगळे हॉर्न परत चालू, शिव्याही चालू.
पर्यटकांना हे सांगत नाही कुणी. नोव्हेंबरात गर्दी कमी, पाऊस असतो, पण जमलं तर ही तारीख गाठा.

भरतीओहोटी
उंबरठा, तुम्ही राहिलाय म्हणून विचारते, तो लोदोसचा प्रकार खरा का? आमच्या हॉटेलमधला माणूस सारखा म्हणायचा, आज लोदोस आहे, डोकं दुखतंय.

उंबरठा
खरा! नैर्ऋत्येचा वारा. जोरात सुटला की बोटींच्या फेऱ्या रद्द. आणि डोकेदुखी, भांडणं, करपलेला भात, सगळं त्याच्या नावावर. आमच्या ऑफिसात एकीनं राजीनामा दिला तेव्हाही सगळे म्हणाले, लोदोस होता.

वैतागवाडी
माझा टॅक्सीवालापण लोदोसच असणार मग.

कोरीपाटी
गेले नाहीये अजून, पण नवऱ्याला दाखवायला धागा सेव्ह केलाय. व्हिसाचं काय असतं?

मीठमिरची
पासपोर्टवर अमेरिका, यूके किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो, नाहीतर रीतसर अर्ज करून स्टिकर. सध्याचे नियम सरकारी साइटवर बघून घ्या. आणि विमानतळ दोन आहेत, तिकीट काढताना बघा. साबिहा गोकचेन आशियात आहे, मुक्काम जुन्या शहरात सुलतानअहमतला असला तर लांब पडतो. नाव मात्र झकास, बाई लढाऊ वैमानिक होत्या.
रविवारी ग्रँड बझार बंद, मंगळवारी तोपकापी बंद.

कोरीपाटी
थँक्यू! आणि ती दोन मजली चहाची किटली कुणी आणलीय का? वापरता का खरंच?

ओलीसुकी
आणली. खालच्या भांड्यात पाणी उकळत ठेवायचं, वरच्यात कोरा कडक चहा वाफेवर मुरतो, मग ज्याला जसा हवा तसा पाणी घालून. महिनाभर कौतुकानं केला. आता खालच्या भांड्यात अंडी उकडते.

चकवा
आणि वरच्यात?

ओलीसुकी
झाकण म्हणून ठेवते, छान बसतं.

पोटोबा
आलो परत. एमिनोनूला पुलाजवळ मासा-पाव मिळतो तो सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या बाजूलाच लोणच्याचं पाणी विकतात, तुर्शू सुयु. लालभडक, ग्लासात काकडी आणि कोबीचे तुकडे तरंगत. कुणी प्यायलंय का? मी एका घोटात संपवलं.

जुनापाना
प्यायलो. नंतर गालाता पुलावर गळ टाकून बसलेल्या एका आजोबांना पाणी मागावं लागलं. त्यांनी थर्मासमधून चहा दिला.

पोटोबा
मला दुसरा ग्लास फुकट दिला हो दुकानदारानं!

वैतागवाडी
तुमचा चेहरा बघून दिला असेल.