गणपतीत भरलेलं घर, कथेची मुदत आणि घाबरणारा कुत्रा पेडवा: तुम्ही काय करता?

सड्यावरची (देवगड)

यंदा अधिक ज्येष्ठामुळे सगळंच पुढे सरकलं. गणपती १४ सप्टेंबरला, दिवाळी थेट नोव्हेंबरात. एरवी दिवाळी अंकाची कथा चतुर्थीच्या आधी पाठवून मी मोकळी होते आणि मग माटवीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या, सामानाला लागते. यंदा संपादकांनी उदार होऊन सप्टेंबरअखेरची मुदत दिली. मुदत वाढली म्हणून कुणी लवकर लिहायला बसलंय, असं मी तरी पाहिलेलं नाही. आमचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो, म्हणजे कथेचा शेवट आणि घरातली गर्दी एकाच वेळी.

माझा रोजचा दिवस अगदी साधा. उजाडायच्या आत दोन्ही कुत्र्यांना घेऊन सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चक्कर, मग चहा, मग पडवीत बसून लिखाण. ते चालतं मासेवाली येईपर्यंत. ती आली की पेडवा तिच्या पाटीमागे निघतो आणि त्याच्यामागे मी. दुपारी काही सुचत नाही, तेव्हा हिशेब, पत्रं, अंगणातली कामं. लिहिताना मोबाईलवर तानपुरा किंवा बासरीचा आलाप लागतो. शब्द असलेलं गाणं चालत नाही, माझ्या पात्रांच्या तोंडी त्यातल्या ओळी येऊ लागतात.

कुत्र्यांविषयी. मोरी महामार्गाच्या कडेला मिळाली, मोटारसायकलने उडवलेली. मागचा एक पाय आखूड आहे, पण कारभार अख्ख्या वाडीचा बघते. पेडवा बंदरावर मासळीच्या रिकाम्या क्रेटमध्ये कुणी सोडून दिलेलं पिल्लू. दोघांची नसबंदी आणि लसी झाल्यात. मोरीला कशाचंच काही नाही. पेडव्याला फटाका वाजला की लघवी होते, कणगीमागे जाऊन बसतो. गेल्या वर्षी आरतीच्या वेळी दार उघडं राहिलं आणि तो पळाला तो पहाटे शेजाऱ्यांच्या कलमांच्या बागेत सापडला.

त्यात भजनाची तऱ्हा वेगळी. फटाक्याला घाबरणारा हाच प्राणी, बुवांनी पेटीवर सूर धरला की उंबऱ्यात बसतो, मान वर करतो आणि सुरात सूर मिळवतो. पोरं हसून लोळतात. बुवा हसत नाहीत.

जाऊबाईंचं म्हणणं, सोवळ्याचा नैवेद्य असतो, कुत्री खळ्यात बांधा. नैवेद्याच्या बाजूला ती येणार नाहीत हे मला मान्यच आहे, देव सगळ्यांचा आहे. पण भावजी म्हणतात, "वहिनी, अकरा दिवस बांधली म्हणून मरत नाहीत." मरतात. श्रावणात आमच्याच वाडीतून बिबट्याने बांधलेला कुत्रा नेला, साखळीचा तुकडा तेवढा राहिला.

तर ज्यांच्या घरी असं सगळं एकत्र होतं, त्यांनी सांगा. घाबरणाऱ्या कुत्र्याचं काय करता? माझ्या बासरीचा त्याला काही उपयोग होईल का? विसर्जनानंतर बहिणीकडे ठाण्याला जायचंय, तेव्हा कुत्र्यांना बरोबर न्यावं का? आणि लिहिता कधी?

---

सुई_आणि_सलाईन (रत्नागिरी)

ताई, जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालोय. मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण आत्ता विचारा, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी नव्हे. भीती कमी करणारी औषधं वेगळी आणि नुसती गुंगी आणणारी वेगळी. दुसऱ्या प्रकारात अंग सुस्त पडतं पण आतली भीती तशीच राहते. जे द्याल त्याची एक मात्रा शांत दिवशी देऊन बघा, कोणाला किती चढतं ते आधी कळलेलं बरं. माणसांच्या डबीतली पॅरासिटामॉल वगैरे अजिबात नको.

सवय लावायची असेल तर आजपासून सुरुवात करा. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक ठेवून जेवण द्यायचं. तो जेवत राहिला तर काही दिवसांनी थोडा वाढवायचा. जेवण सोडून कान मागे घेतले की एक पायरी खाली यायचं. घाई केली तर उलटं होतं.

आणि प्रसादावर लक्ष ठेवा. पंचखाद्यात, शिऱ्यात, करंजीत मनुका-बेदाणे असतात. द्राक्ष आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, थोड्यानेही होऊ शकतं. मुंबईची पोरं प्रेमाने भरवतात, त्यांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. रेबीजचा वार्षिक डोस घर भरायच्या आधी घ्या. तरी कुणाला दात किंवा नख लागलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना काही नको.

---

काळी_पाच (कुडाळ)

गे बाय, पेडवो रडना नाय, तो सूर लावता. आमच्या मंडळात पण असो एक असा. पेटीचो लांब सूर धरलो की तोंड वर करता, पखवाजाक काय म्हणना नाय. झांज मात्र तेका सोसना नाय, कानाक लागता. बुवाक आदीच सांगान ठेव, म्हणजे गजर चढलेलो असताना तो तुझ्या पेडव्याकडे बघूचो नाय. आणि भजन संपल्यार उसळ-पावाची ताटा येतत, तेव्हा कुत्रो मोकळो ठेव नको. उसळीत कांदो असता, तो कुत्र्याक वाईट.

कथा कसली लिवतंस ता सांग मगे.

---

सड्यावरची

सुई_आणि_सलाईन काका, मनुकांचं मला ठाऊक नव्हतं. पंचखाद्य यंदा बिनमनुकांचं होईल.

काळी_पाच, दशावतारातल्या स्त्रीपार्टीवर, म्हणजे बाईचं काम करणाऱ्या पुरुष नटावर, लिहितेय. वय झालंय, आवाज फाटतोय, पण कंपनी सोडवत नाही. रंगपटातला प्रसंग जमलाय, रंगमंचावरचा नाही.

---

काळी_पाच

मगे पायपेटीवाल्याक कथेत घे. दशावताराक लिवलेली संहिता नसता. आख्यान ठरता आणि भाषणा उभ्या उभ्या होतत. म्हणान पेटीवाल्याचा ध्यान सगळा नटाच्या तोंडाकडे. आवाज फाटता ह्या पयला कळता ता तेकाच. तो पट्टी एक घर खाली घेता, लोकांक पत्तो नाय. मगे तुझी ती स्त्रीपार्टी बाकड्यार बसता. आमच्याकडे सिंव्हासन म्हणजे बाकडोच. ती पेटीवाल्याकडे एकदाच बघता. झाली तुझी कथा.

---

दादर_ते_कणकवली

मी मुंबईची चाकरमानी, म्हणजे तुमच्या जाऊबाईंच्या पक्षातली. आम्ही वर्षातून एकदाच येतो आणि घर आमच्या आठवणीतल्यासारखं असावं असं वाटतं. त्या आठवणीत कुत्रा खळ्यात असतो. पण बिबट्याचं तुम्ही लिहिलंत ते त्यांना तसंच्या तसं वाचून दाखवा. आमच्या घरी एका साखळीने वाद मिटला होता. आणि खरं सांगायचं तर फटाके आम्हीच आणतो. मुलांना आधी सांगितलं तर भुईचक्र, फुलबाजीवर राजी होतात, माळा लागत नाहीत.

ठाण्याला नेणं विसरा. रेल्वेत कुत्रा डब्यात न्यायचा तर फर्स्ट एसीचा कूपे किंवा केबिन पूर्ण तुमच्या नावावर लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. भेदरट कुत्र्याला त्या पेटीत मी तरी घालणार नाही. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि परतीच्या गाड्या गणपतीत कशा भरतात ते तुम्हाला काय सांगू. घरी राहायला येईल असा कुणी ओळखीचा बघा, दोघांनाही घर सोडावं लागणार नाही.

---

दुपारची_वही (गुहागर)

सगळ्यांनी कुत्र्याचं सांगितलं, मी लिखाणाचं सांगते. मीही कथा लिहिते, माझ्याकडे तीन भटकी आहेत आणि सासर मोठं आहे.

बाईने गणपतीत "मला लिहायला एक खोली हवी" म्हटलं तर घरात शांतता पसरते. "कुत्र्याला फटाक्यांचा त्रास होतो, त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं" म्हटलं की सगळे म्हणतात, अगं बस की, आम्ही बघतो इकडे. गेली काही वर्षं माझं चतुर्थीतलं सगळं लिखाण असंच झालंय. घराच्या मधली, कमी खिडक्यांची खोली घ्यायची. चिऱ्याच्या जाड भिंती आवाज खातात. जुनी गोधडी, पाण्याचं भांडं, पंखा जोरात, दाराला आतून कडी. कुत्र्याला लपायला पलंगाखालची जागा मोकळी ठेवायची आणि त्याला तिथून ओढून काढायचं नाही. भ्यायला असेल आणि अंगाला चिकटला तर कुरवाळायचं. लाडाने भीती वाढते असं सांगणारे भेटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

बासरीचं म्हणाल तर २०१७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवलं होतं. त्यांचा ताण सर्वांत कमी झाला तो सॉफ्ट रॉक आणि रेगेने. त्यात आपली बासरी नव्हती. शिवाय त्याच त्या संगीताची कुत्र्यांना सवय होऊन परिणाम ओसरतो असंही आढळलं होतं, तेव्हा आलटूनपालटून लावा. मी रेगे लावून बघितलं. कुत्री झोपली, कथा अडली.

एक मात्र, जुन्या भिंतींच्या फटी बघून घ्या. गोचिडी तिथेच अंडी घालतात. पावसाळ्याच्या शेवटी आमच्याकडे गोचीडतापाने कुत्रा जाता जाता वाचलाय. खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या की थांबायचं नाही.

---

सड्यावरची

दुपारची_वही, तुम्ही इतके दिवस कुठे होतात?

माजघराशेजारची भाताची खोली ठरली. पेडवा तसाही कणगीमागे जातोच, मीच त्याच्याकडे राहायला जाते. यांना सांगितलं तर म्हणाले, "कुत्र्याला सोबत हवी की तुला?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. जाऊबाईंना फोन केला, बिबट्याचं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, मोरीला पडवीत राहू दे, पण आत स्वयंपाकघराकडे नको. हे मला चालेल, मोरीलाही चालेल. येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायला तिला पडवीच हवी. रात्री सगळी झोपली की तीही आत.

ठाण्याला एकटीच जाते. हे घरी थांबतील, त्यांना तसंही बहिणीकडचं जेवण आवडत नाही.

काळी_पाच, पेटीवाला कथेत आला. काल रात्री तो प्रसंग लिहून झाला, पण तो पट्टी उतरवतो ते आख्यान चालू असताना की मध्ये गजर घेऊन? आणि फाटलेला आवाज झाकायला झांज वाढवतात का, की ते उलट उघडं पडतं? हे कळलं तर आज पुढे जाता येईल.

भिंतीच्या फटी चुन्याने बुजवायला उद्या माणूस येतोय. चुना वाळेपर्यंत पेडव्याला त्या खोलीपासून लांब ठेवायचा, एवढंच ना काका? की आणखी काही फवारून घेऊ?