मदत हवी आहे: सर्वो स्टॅबिलायझरचं नवीन कार्ड मधेच रीसेट होतंय

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं सर्वो स्टॅबिलायझरचं (मोटर फिरवून व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र) छोटं वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळापासून कंट्रोल कार्ड तेच: एक एलएम३२४ (व्होल्टेजची तुलना करणारी साधी चिप), दोन प्रीसेट (सेटिंग ठरवायचे छोटे रेझिस्टर) आणि मोटर पुढे-मागे फिरवणारे दोन रिले. चालतं बिनबोभाट, पण उन्हाळ्यात सेटिंग सरकतं, २३० व्होल्टचे २३८ होतात. शिवाय गिऱ्हाईक आता मोबाइलवर रीडिंग मागतं.

म्हणून एसटीएम३२ (प्रोग्रॅम करता येणारी प्रोसेसर चिप) वर नवीन कार्ड बनवून घेतलं. टेबलावर झकास! पॅनेलमध्ये बसवलं, तर आउटपुटचा कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) सुटला की डिस्प्ले क्षणभर कोरा आणि प्रोसेसर रीसेट. त्याच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (व्होल्टेजचा झटका शोषणारी जोडणी) लावला. फरक पडला, पण दहात एकदा होतंच. सेन्सिंगची (व्होल्टेज मोजायची) वायर मोटरच्या वायरींसोबत एकाच जुडीत बांधलीय, माझा संशय तिथेच आहे. रिलेच्या बाजूला ऑप्टोकप्लर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) घालू, की आधी वायरिंग वेगळं करून बघू?

आणखी एक. डिझायनर म्हणतो, स्वतःची चिपच बनवून घ्या. महिन्याला ४० नग विकणाऱ्याला हे परवडतं का? मला तर खूळ वाटतं. कुणी केलं असेल तर सांगा. इकडे वडील जुनं कार्ड हातात धरून हसतायत.