शब्दचर्चा : ‘व्हीगन’ पाहुण्यासाठी स्वयंपाकघरात समजेल असा शब्द कोणता?

मंगळवारपेठ : कोल्हापुरातल्या घरी रात्रीच्या जेवणाला व्हीगन पाहुणे येणार आहेत, म्हणजे मांस-अंडीच नव्हे तर दूध, तूप, मध असं प्राण्यांपासून मिळणारं काहीच न घेणारे. स्वयंपाक घरातल्या थोरल्या काकू करतील. त्यांना फोनवर नेमकं काय सांगायचं? ‘शाकाहारी’ म्हटलं की पानात वरण-भातावर तूप आणि वाटीत दही येणारच. ‘निर्दुग्धाहारी’, ‘वनस्पत्याहारी’, ‘संपूर्ण शाकाहारी’ असे पर्याय वाचनात आले आहेत. रूढ होण्याजोगा कोणता?

व्याकरणवाट : ‘निर्दुग्धाहारी’त दूध गेलं, पण अंडं आणि मटण कुठे गेलं? दूध न पचणारा, पण सुक्क्यावर ताव मारणारा माणूसही निर्दुग्धाहारीच झाला की. ‘वनस्पत्याहारी’ अर्थाने बरोबर, संधीही ठीक, पण उच्चारायला जड. ‘संपूर्ण शाकाहारी’ तर सर्वांत धोक्याचा. आपल्याकडे हॉटेलच्या पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ असतं आणि आत पनीर-लोणी भरपूर असतं. ‘संपूर्ण’ ऐकणारा त्याच पाटीची आठवण काढणार.

दुसरी अडचण ‘-आहारी’ची. मूळ शब्द 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी घडवला, तो फक्त ताटापुरता राहिलेला नाही. त्यात चामडं, लोकर, रेशीम टाळणंही येतं. पाहुण्यांना निघताना कोल्हापुरी चपलांचा जोड भेट द्यायचा बेत असेल तर तो आधी रद्द करा. म्हणून लिहिताना सरळ ‘व्हीगन’ लिहावं असं माझं मत.

सीमाभाग : निपाणी-बेळगावकडे कन्नडमध्ये ‘सस्याहारी’ म्हणजे साधा दूध-तूप खाणारा शाकाहारी. तो शब्द मराठीत उचलून व्हीगनला चिकटवू नका. इथे दोन्ही भाषा बोलणारी माणसं खूप आहेत, घोळ होईल.

शाळूभाकरी : लेखातला शब्द आणि काकूंना सांगायचा शब्द हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर मराठीत पूर्वीपासून आहे : दुभतं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, साय, खवा, चक्का हे सगळं ‘दूध-दुभतं’ या एका जोडशब्दात येतं. ‘त्यांना वशाट (मांस-मासे-अंडं) चालत नाही आणि दूध-दुभतंही चालत नाही’ असं सांगा. ‘चालत नाही’ हे क्रियापदही मोलाचं आहे. कारण ॲलर्जी आहे, व्रत आहे की मत आहे, हे न विचारता समोरचा माणूस ते पाळतो. ‘खात नाहीत’ म्हटलं की ‘थोडं घ्या, काही होत नाही’ सुरू होतं.

मध दुभत्यात येत नाही, तो वेगळा सांगा. आणि तुपाचं नाव स्वतंत्र घ्याच. तूप हा बऱ्याच घरांत ‘पदार्थ’ समजलाच जात नाही, ते वाढताना आपोआप पडतं. कुठे कुठे, ते बघा : भातावर, पुरणपोळीवर, शिऱ्यात, मसालेभाताच्या फोडणीत, लाडवाच्या ताटाला हात फिरवताना, घडीच्या पोळीच्या आत. ताक लपतं पिठल्यात आणि अळूच्या नाहीतर पालकाच्या पातळभाजीत. दही लपतं भरतात, कोशिंबिरीत, ढोकळ्यात, जिलबीच्या पिठात.

मंगळवारपेठ : ‘दुभतं’ पटलं. मग कोल्हापूरचं म्हणून ताटात काय ठेवायचं? मटणाचा पांढरा-तांबडा रस्सा तर बादच?

शाळूभाकरी : बाद कशाला? पांढऱ्याचा पांढरेपणा नारळाच्या दुधाचा, काजू-तीळ-खसखशीचा असतो. मटणाचं अळणी पाणी काढून टाकलं की उरतं ते दुभत्याशिवायचंच. मात्र बाहेरून ‘व्हेज पांढरा’ मागवत असाल तर विचारून घ्या, त्यात दूध किंवा साय असू शकते.

चौघांसाठी प्रमाण : एक मध्यम नारळ. खोवून दीड कप कोमट पाणी घालून वाटा आणि पिळा, हे दाट दूध. चोथ्यात पुन्हा दोन कप पाणी घालून पिळा, हे पातळ दूध. 12 काजू, एक चमचा पांढरे तीळ, एक चमचा खसखस कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून गंधासारखं बारीक वाटा. खसखस जाडसर राहिली तर रस्सा जिभेला रवाळ लागतो. अळणी पाण्याच्या जागी 200 ग्रॅम दुधी, एक कांदा, इंचभर आलं आणि सहा-सात लसूणपाकळ्या तीन कप पाण्यात मऊ शिजवून, घोटून गाळून घ्या.

दोन मोठे चमचे तेलात दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा, तीन वेलदोडे, पाच-सहा मिरे, चिरा दिलेल्या दोन-तीन हिरव्या मिरच्या. त्यावर वाटण, मंद आचेवर दोन मिनिटं. रंग बदलू द्यायचा नाही. मग गाळलेलं पाणी घालून पाच मिनिटं उकळा, पातळ दूध आणि मीठ घाला, आच बारीक करा, शेवटी दाट दूध. कडेला वाफ धरू लागली की लगेच उतरवा. हळदीचा चमचा या पातेल्यापासून लांब ठेवा.

घाण्याचंतेल : रस्सा फाटतो तो नेमका इथेच. दाट दूध घातल्यावर खळखळून उकळलं, झाकण ठेवून वाफ कोंडली किंवा गरम असताना लिंबू पिळलं, की तेल वर आणि चोथा खाली. फाटलेला रस्सा पूर्ववत होत नाही. चमचाभर काजूचं वाटण घालून मिक्सरला फिरवलं तर वाढण्याजोगा होतो, एवढंच. म्हणूनच सोलकढी तापवत नाहीत : आमसुलाचा आंबटपणा गारच असताना नारळाच्या दुधाला सोसतो.

मशरूम वापरायची असली तर तांबड्यात. पांढऱ्यात तिचं पाणी उतरलं की रस्सा करडा दिसतो. तांबड्याला भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ आणि कांदा-लसूण चटणी. कट हवा असेल तर तेल हात राखून घालू नका आणि चटणी तेलात परतताना आच मंद ठेवा. जळली तर कट काळपट येतो आणि घशाला लागतो.

व्याकरणवाट : मध्येच एक. ‘अळणी’ हा शब्द कोल्हापुराबाहेरच्या वाचकांसाठी फोडून सांगायला हवा. इतरत्र अळणी म्हणजे बिनमिठाचं. इथे खानावळीत ‘अळणी’ म्हणजे तिखट-मसाला न घातलेलं मटणाचं पाणी. पाहुण्यांना तिखट सोसत नाही म्हणून कुणी प्रेमाने ‘मग अळणी घ्या’ म्हटलं, तर वाटीत नेमकं नको ते येईल. घरात ‘बिनतिखटाचं’ म्हणा.

खाऊकट्टा : ‘दूध’ या शब्दाचंही बघा ना. नारळाचं दूध आपण सर्रास म्हणतो, कोकणात त्यालाच ‘रस’ म्हणतात (शिरवाळ्या नि रस). फोनवर ‘दूध चालत नाही’ असं मोघम सांगितलं तर एखादी काळजीवाहू सुगरण नारळाचं दूधही टाळेल. उलट ‘वनस्पती तूप’ नावाने तूप, पण असतं तेलापासून. व्हीगनला ते चालेल. मी मात्र शेंगतेलच सुचवीन, चवीसाठी. ‘चीक’ तर दोन्हीकडे : गव्हाचा चीक चालतो, खरवसाचा नाही.

सीमाभाग : कोशिंबिरीचं काय? दह्याशिवाय ती कोरडी वाटते.

खाऊकट्टा : शेंगदाण्याचं दही लावा, आदल्या दिवशी. एक कप कच्चे शेंगदाणे आठ तास भिजवून, सालं काढून तीन कप पाण्यात वाटा, फडक्यातून गाळा. मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा, तळाला फार लवकर लागतं. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांचे सात-आठ देठ बुडवून उबदार जागी ठेवा. आठ ते बारा तासांत लागतं. विरजणाला घरचं दही घेतलं तर सगळा खटाटोप वाया, हे लक्षात असू द्या. कवडी पडेल अशी अपेक्षा नको. पाणी जास्त झालं तर पातळच राहतं. कोशिंबिरीत शेंगदाण्याचा वास जाणवतो, तो हिंग-मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीने दबतो.

मंगळवारपेठ : मग ताट असं : पांढरा, तांबडा, शाळूची भाकरी, शेंगदाण्याच्या कुटाची भरली वांगी, खरडा, कोशिंबीर, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात. गोडाला पुरणपोळी, तूप न लावता?

शाळूभाकरी : चालेल. तव्यावर तेल सोडून भाजा. कोरडी वाटू नये म्हणून सोबत नारळाच्या दाट दुधात किसलेला गूळ आणि वेलदोडा, न तापवता. पुरणात जायफळ थोडं वाढवा, तुपाच्या वासाची उणीव कमी जाणवते. आणि पोळपाटाशेजारी तुपाची वाटी ठेवू नका, हात सवयीने तिकडे जातो.

घाण्याचंतेल : विकतच्या वस्तूंबद्दल : हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी; त्यात दूध आणि मध असू शकतात. व्हीगनचं चिन्ह वेगळं आहे, पान असलेलं हिरवं ‘व्ही’. त्याचे नियम 2022 चे आहेत. ते चिन्ह नसलं तरी पदार्थ दुभत्याशिवायचा असू शकतो, म्हणून घटकांची यादी वाचा. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’ ही सगळी दुधाचीच नावं, यांपैकी काही दिसलं की परत ठेवा. सकाळी मिसळ खायला नेणार असाल तर तिच्यासोबतच्या स्लाइस ब्रेडचं पाकीटही बघून घ्या.

मंगळवारपेठ : आणि पोचल्या पोचल्या गंगावेशीत धारोष्ण दूध पाजायला नेणाऱ्या मामांना काय सांगू?

शाळूभाकरी : त्यांना ‘दुभतं चालत नाही’ सांगा, आणि वर ‘म्हशीचंसुद्धा’ असं जोडा.