मदत हवी आहे : फळ्या पाडण्यासाठी जुनी चेनसॉ घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी शेती करतो. यंदा जूनच्या वादळी पावसात केळीबरोबरच बांधावरचे जुने कडुनिंब आणि बाभळीही उन्मळून पडल्या. फांद्या सरपणाला गेल्या, परंतु सरळ खोडे जपून ठेवली आहेत आणि त्यांच्या फळ्या पाडून गोठ्याची दारे, गव्हाणी आणि खळ्यावरच्या खोलीची चौकट करण्याचा विचार आहे. सर्वांत जाड कडुनिंब बुंध्याशी 18 इंच भरतो, बाभळी त्याहून बारीक आहेत. 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग आणि आंबा येतात, कडुनिंब आणि बाभूळ येत नाहीत. तरीही वनविभागाकडे रीतसर चौकशी करूनच कामाला हात घालणार आहे.

खोडे आरागिरणीवर का नेत नाही, असे कोणी विचारेल. बांधावरच्या झाडांच्या पोटात तारकुंपणाचे खिळे आणि तारेचे तुकडे असतात, त्यामुळे गिरणीवाले असे लाकूड आऱ्यावर घेत नाहीत आणि त्यांचे म्हणणे रास्तच आहे. चेनसॉच्या चेनला खिळा लागला तर निदान कानस मारून धार परत आणता येते. मात्र गिरणीचा पट्टा दोन-तीन मिलिमीटर लाकूड खातो, तर चेन आठ-नऊ मिलिमीटर खाते. म्हणजे इंची फळ्या पाडल्या तर तीन फळ्यांमागे जवळपास एका फळीचा भुसा होणार. म्हणून दोन इंची फळ्याच पाडायच्या, असे ठरवले आहे.

आता मुख्य प्रश्न. माझी ऐपत पंचवीस हजारांची आहे आणि त्यात दोन पर्याय दिसतात. एक म्हणजे त्याहून बऱ्याच कमी किमतीत मिळणारी, पाटीवर 58 सीसी लिहिलेली नवी चिनी मशीन. दुसरी चोपड्याच्या एका झाडतोड ठेकेदाराकडची स्टिल कंपनीची जुनी एमएस 381, जी 72.2 सीसीची असून तो तिचे चोवीस हजार सांगतो. माझा कल जुनीकडे आहे. ओंडका आडवा कापताना इंजिनावर काही क्षणच ताण येतो, पण आठ फुटी खोड उभे चिरताना मशीन कित्येक मिनिटे पूर्ण रेसवर, भाराखाली चालवावी लागते; तिथे लहान इंजिन तापून पिस्टन जाम होण्याचा धोका मला जास्त वाटतो. शिवाय 24 इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) लावला, तरी फळ्या सारख्या जाडीच्या पाडणारी चिराईची चौकट त्यावर बसवल्यावर कापायला सुमारे 20 इंचच उरतात, आणि एवढा बार ओल्या कडुनिंबात ओढायला ताकद लागतेच.

ठेकेदाराकडे जाऊन मशीन पाहिली. सायलेन्सर काढून धुराच्या तोंडातून आत टॉर्च मारला, तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे असे दिसले नाहीत, फक्त एका बाजूला अगदी फिकट रेषा होत्या आणि नख फिरवल्यावर त्या लागत नव्हत्या. चालू करायच्या दोरीने उचलून धरल्यावर मशीन सावकाश, थांबत थांबत खाली आली, म्हणजे कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) बरे असावे. बारचे टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिल्यावर तेलाची रेघही नीट उमटली. एकच गोष्ट खटकली. दहाएक मिनिटे चालून गरम झाल्यावर मशीन कुशीवर कलती केली, की रेस न देताही तिची मंद चाल आपोआप वाढत होती. कुठून तरी जादा हवा ओढली जात असावी, अशी मला शंका आहे. आणि चिराईला मशीन आडवीच धरायची असल्यामुळे ही खोड मला साधी वाटत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे, की हे क्रँकच्या ऑइल सीलचे लक्षण आहे की कार्बोरेटरच्या रबरी नळीचे? सील बदलून काम भागते, की अशा वेळी बेअरिंगही खेळत असते? त्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवून भाव करावा? हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते जुन्या नळ्या व कार्बोरेटरच्या पडद्यांना मानवत नाही आणि हवा-पेट्रोलचे मिश्रणही पातळ करते, असे ऐकतो. लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळून शिवाय कार्बोरेटरचा स्क्रू थोडा जास्त उघडा ठेवला, तर चिराईच्या कामात पुरेसे होईल का?

चेनबद्दलही विचारायचे आहे. उभ्या चिराईला दातांचा कोन 10 अंशांच्या आसपास हवा, तर नेहमीच्या चेनचा तो 30 अंश असतो. तयार चेन इकडे सहज मिळत नाही. नेहमीचीच चेन कानशीने हळूहळू 10 अंशांवर आणली तर चालते का? सुकलेली बाभूळ लोखंडासारखी होते, म्हणून ती ओली असतानाच आधी चिरून घ्यावी आणि कडुनिंब नंतर घ्यावा, असा माझा बेत आहे. त्यात काही चूक असल्यास तेही सांगावे.

येत्या रविवारी चोपड्याला जाऊन व्यवहार ठरवायचा आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास फार उपकार होतील.