मोठ्या कंपनीसाठी मोबाईल ॲपचे धोरण आखताना सुरुवात कोठून करावी?

पायवाट यांचा प्रश्न

नमस्कार. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे उत्पादन, वितरण आणि विक्रीनंतरची दुरुस्तीसेवा असे तीन मोठे विभाग आहेत. गेल्या काही वर्षांत प्रत्येक विभागाने आपापल्या गरजेप्रमाणे मोबाईल ॲप करून घेतल्यामुळे आज आमच्याकडे एकूण ११ ॲप्स जमा झाली आहेत. त्यांपैकी २ ग्राहकांसाठी, ३ विक्रेत्यांसाठी आणि उरलेली ६ कर्मचाऱ्यांसाठी आहेत. ती वेगवेगळ्या पुरवठादारांनी बांधलेली असून प्रत्येकाचे लॉगिन वेगळे आहे. एका ॲपचे डेव्हलपर खाते (ज्या खात्यातून ॲप स्टोअरमध्ये प्रकाशित होते ते) तर आमच्या नव्हे, पुरवठादाराच्या नावावर आहे, हे मला मागच्याच महिन्यात कळले.

व्यवस्थापनाने ६ आठवड्यांत पुढच्या ३ वर्षांचे धोरण मांडायला सांगितले आहे. बैठकांमधली चर्चा मात्र ‘नेटिव्ह की फ्लटर’ (म्हणजे अँड्रॉइड आणि आयफोनसाठी ॲप वेगवेगळे लिहायचे की दोन्हींसाठी एकदाच) आणि ‘सगळे मिळून एकच मोठे ॲप का करू नये’ या दोन मुद्द्यांभोवतीच फिरते. माझे समाधान होत नव्हते, म्हणून मी एका दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर पूर्ण दिवस फिरलो. दिवसभराच्या कामांची यादी एका ॲपमध्ये, सुट्या भागांचा साठा दुसऱ्यात आणि काम संपल्याची नोंद तिसऱ्यात, असा त्यांचा क्रम होता. तिन्ही पासवर्ड त्यांनी खिशातल्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. तळघरातल्या यंत्राजवळ नेटवर्क नव्हते, तेव्हा त्यांनी यंत्राचा क्रमांक आणि मापे कागदावर टिपून घेतली आणि संध्याकाळी बसून ती पुन्हा फोनमध्ये भरली. भरताना एका क्रमांकातल्या दोन अंकांची अदलाबदल झाली. मी शेजारी होतो म्हणून ती लक्षात आली, एरवी चुकीच्या यंत्राच्या नावावर दुरुस्ती नोंदली गेली असती.

हे पाहिल्यानंतर आमच्या बैठकांमध्ये चुकीच्याच प्रश्नावर वेळ जात आहे असे मला वाटू लागले आहे. धोरणाची मांडणी कोठून सुरू करावी, तंत्रज्ञानाचा निर्णय केव्हा घ्यावा आणि या सगळ्याची जबाबदारी कोणत्या विभागाकडे असावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दीपस्तंभ यांचे उत्तर

त्या एका दिवसात आपण जे पाहिले, तेच आपल्या धोरणाचे पहिले पान आहे, असे मी मनापासून म्हणेन. धोरण म्हणजे कोणती ॲप्स बांधायची याची यादी नव्हे. कोणते काम करताना माणसाच्या हातात फोन असतो, ते काम कोठे अडते आणि अडल्यावर तो काय करतो, हे आधी लिहून काढा. कागद आणि डायरी जिथे जिथे बाहेर निघते, तिथे आपली प्रणाली अपुरी पडते आहे. विक्रेत्यांबरोबर आणि गोदामातल्या कर्मचाऱ्यांबरोबर असाच एकेक दिवस घालवा. सहा आठवड्यांतले दोन यासाठी खर्ची पडले तरी हरकत नाही.

ग्राहकांची ॲप्स आणि कर्मचाऱ्यांची ॲप्स यांचा विचार मात्र पहिल्यापासून वेगळा ठेवा, कारण ती लोकांपर्यंत पोहोचण्याची वाटच निराळी असते. ग्राहकांचे ॲप सार्वजनिक स्टोअरमधून जाते आणि तिथल्या परीक्षणातून पार व्हावे लागते. कर्मचाऱ्यांचे ॲप अँड्रॉइडवर मॅनेज्ड गूगल प्लेमधून आणि आयफोनवर ॲपल बिझनेस मॅनेजरमधून फक्त आपल्या संस्थेपुरते देता येते. ॲपलचा एंटरप्राइझ प्रोग्राम नावाचा तिसरा मार्गही आहे. तो १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांसाठी असून केवळ अंतर्गत वापरापुरता असतो, आणि ही मर्यादा केवळ कागदावरची नाही. जानेवारी २०१९ मध्ये फेसबुकने याच मार्गाने बाहेरच्या लोकांना एक ॲप दिल्याचे उघड झाल्यावर ॲपलने त्यांचे प्रमाणपत्र (अशी ॲप्स चालवण्याची डिजिटल परवानगी) रद्द केले, आणि त्याबरोबर त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांची अंतर्गत ॲप्सही चालेनाशी झाली. विक्रेते हे आपले कर्मचारी नसतात, त्यामुळे त्यांची तीन ॲप्स सध्या कोणत्या मार्गाने दिली जात आहेत, हे लगेच तपासा.

पुरवठादाराच्या नावावरचे खाते ही बाब तर धोरण मंजूर होईपर्यंतही थांबवू नये. दोन्ही स्टोअरमध्ये ॲप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवता येते आणि वापरकर्त्यांची मते व मानांकने टिकून राहतात, पण त्यासाठी जुन्या खातेदाराचे सहकार्य लागते. संबंध चांगले आहेत तोवरच हे काम करून घ्यावे. अँड्रॉइड ॲपवर स्वाक्षरी करणारी किल्ली (नवी आवृत्ती मूळ मालकाचीच आहे हे सिद्ध करणारी गुप्त डिजिटल फाइल) कोणाकडे आहे, हेही लेखी मागवा. आमच्याकडे एका जुन्या ॲपची किल्ली पुरवठादाराच्या एका संगणकावर होती आणि तो संगणक बाद झाल्यावर ती कायमची गेली. ही किल्ली गूगलकडे सांभाळून ठेवणाऱ्या प्लेच्या स्वाक्षरी सेवेत ते ॲप नोंदवलेले नव्हते, त्यामुळे त्याची पुढची आवृत्ती काढणेच अशक्य झाले. नव्या नावाने दुसरे ॲप प्रकाशित करावे लागले आणि प्रत्येक वापरकर्त्याला जुने काढून नवे घेण्याची विनंती करत आम्ही काही महिने घालवले.

ध्रुवपद यांचे उत्तर

दीपस्तंभ यांच्याशी सहमत आहे. तंत्रज्ञानाच्या निवडीबद्दल थोडे लिहितो, कारण बैठकीत तो विषय टळणार नाही.

या वादात नेहमी दोन उदाहरणे पुढे केली जातात. फेसबुकने २०१२ मध्ये वेबवर आधारलेले आपले आयफोन ॲप टाकून देऊन ते नेटिव्ह लिहिले, आणि एचटीएमएल-५ वर (वेबपाने लिहिण्याच्या भाषेवर) गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवणे ही मोठी चूक होती, असे मार्क झुकरबर्ग यांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले. पुढे २०१८ मध्ये प्रवाशांना राहण्याची जागा मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने रिॲक्ट नेटिव्ह (फ्लटरसारखेच, दोन्ही फोनांसाठी एकदाच लिहिण्याचे तंत्र) सोडत असल्याचे जाहीर केले. ही उदाहरणे ‘नेटिव्हच श्रेष्ठ’ याचा पुरावा म्हणून सांगितली जातात, ते मला पटत नाही. एअरबीएनबीने दिलेली कारणे वाचली तर त्यांतली निम्मी अडचण माणसांच्या रचनेची होती, असे दिसते. आधीची दोन्ही नेटिव्ह ॲप्स तशीच ठेवून त्यांत मधेमधे तिसरे तंत्र घातल्यामुळे अभियंत्यांना दोनाऐवजी तीन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. आपल्याकडे ११ ॲप्स आणि अनेक पुरवठादार आहेत, तेव्हा हाच धोका आपल्यालाही आहे.

माझे मत असे आहे की अर्ज भरणे, याद्या पाहणे, मंजुरी देणे अशा स्वरूपाच्या कर्मचारी ॲप्ससाठी फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह यांपैकी एक निवडावे आणि तीन वर्षे त्यावर ठाम राहावे. ब्लूटूथवरून यंत्राशी बोलणे, सतत बारकोड वाचणे किंवा फोन खिशात असताना ठिकाणाची नोंद ठेवणे, असे काम असेल तिथे नेटिव्ह लिहिण्याची तयारी ठेवावी. वर्षातून दोनदा उघडल्या जाणाऱ्या कामासाठी ॲपच नको, चांगले संकेतस्थळ पुरते. आयफोनच्या आयओएस १६.४ या प्रणालीपासून, म्हणजे २०२३ पासून, होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपलाही सूचना पाठवता येतात. उलट, नुसते संकेतस्थळ ॲपच्या वेष्टनात गुंडाळून पाठवले तर ॲपलच्या परीक्षणात ते नाकारले जाऊ शकते.

आपल्या तंत्रज्ञांच्या तळघराबद्दल मात्र मला जरा थांबून सांगायचे आहे. ‘ऑफलाइनची सोय नंतर जोडू’ असे कोणी म्हणाले तर कृपया मान्य करू नका, कारण ती नंतर जोडता येत नाही, सगळी मांडणीच तिच्यावर उभी असते. नोंद आधी फोनमध्ये साठली पाहिजे आणि नेटवर्क आल्यावर रांगेतून सर्व्हरकडे गेली पाहिजे. प्रत्येक नोंदीला फोननेच एक स्वतंत्र ओळख क्रमांक दिला पाहिजे, म्हणजे पोच मिळण्याआधी नेटवर्क तुटून तीच नोंद पुन्हा पाठवली गेली तरी सर्व्हर ती दुसऱ्यांदा धरणार नाही. असा क्रमांक नसेल तर एकच सुटा भाग साठ्यातून दोनदा वजा होतो आणि महिनाअखेरीस हिशेब जुळवणाऱ्याला त्याचे कारण सापडत नाही. एकाच कामाची नोंद तंत्रज्ञांनी आणि कार्यालयाने एकाच वेळी बदलली तर कोणाचे खरे धरायचे, हा निर्णय तर प्रोग्रॅमरने घ्यायचाच नसतो. तो सेवा विभागाच्या प्रमुखांनी आधी लिहून द्यायचा असतो.

कोरी पाटी यांचे उत्तर

जबाबदारीच्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही, आणि माझ्या मते बहुतेक धोरणे तिथेच फसतात. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडले होते की संस्थेतल्या माणसांच्या संवादाची जी रचना असते, तिचीच प्रतिमा त्यांनी बांधलेल्या प्रणालीत उमटते. तुमच्या तंत्रज्ञांच्या फोनमधली तीन ॲप्स म्हणजे एकमेकांशी न बोलणारे तीन विभागच आहेत. म्हणून सगळी ॲप्स एका मध्यवर्ती चमूने बांधावीत, असा सल्ला मी देणार नाही. तसे केले की प्रत्येक विभाग त्या चमूच्या दारात रांग लावतो आणि कंटाळून पुन्हा बाहेरचा पुरवठादार गाठतो. एकच लॉगिन, स्क्रीनचे सामाईक घटक, सुरक्षेची तपासणी, स्टोअरची खाती आणि आवृत्ती प्रकाशित करण्याची शिस्त एवढे मध्यवर्ती चमूकडे असावे. कामाचे स्वरूप काय असावे, हे मात्र विभागानेच ठरवावे आणि त्यासाठी विभागातला एक अधिकारी नावानिशी जबाबदार असावा.

दुसरी गोष्ट, अर्थसंकल्पात ॲप हे इमारतीसारखे एकदाच बांधून संपणारे काम म्हणून दाखवू नका. गूगल प्ले दरवर्षी ॲपने अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीला अनुसरावे अशी अट पुढे सरकवते, आणि ॲपलही नव्या साधनांनीच बांधलेली ॲप्स स्वीकारते. एकही नवी सोय दिली नाही तरी प्रत्येक ॲपवर दरवर्षी काम करावेच लागते. ११ ॲप्स म्हणजे असे ११ वार्षिक खर्च, हे आकड्यांत मांडले की विलीनीकरणाची चर्चा आपोआप गंभीर होते.

तिसरी गोष्ट मी चूक करून शिकलो. संकेतस्थळ बदलले की सगळ्यांना नवे दिसते, पण ॲपच्या जुन्या आवृत्त्या लोकांच्या फोनमध्ये महिनोन्महिने राहतात. आम्ही एका शनिवारी रात्री सर्व्हरवरून येणाऱ्या उत्तरातले एक नाव बदलले. नव्या ॲपमध्ये सगळे सुरळीत चालले, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. सोमवारी सकाळी जुनी आवृत्ती असलेल्या शेकडो कर्मचाऱ्यांचे ॲप उघडताक्षणी बंद पडू लागले. ‘कृपया नवी आवृत्ती घ्या’ असे सांगणारा स्क्रीनही त्या ॲपमध्ये ठेवलेला नव्हता, त्यामुळे प्रत्येकाला दूरध्वनी करावा लागला. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की ॲपच्या पहिल्याच आवृत्तीत किमान मान्य आवृत्ती तपासण्याची सोय असते, आणि सर्व्हर निदान मागच्या ठरावीक काळातल्या सगळ्या आवृत्त्यांना उत्तर देतो. प्रकाशनही टप्प्याटप्प्याने करतो. ॲपलच्या पद्धतीत आपोआप अद्ययावत होणाऱ्या फोनांवर नवी आवृत्ती ७ दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के अशी पोहोचते. गूगल प्लेमध्ये टक्केवारी आपण ठरवतो. मधे थांबवता येते, पण पोहोचलेली आवृत्ती परत बोलावता येत नाही.

पायवाट यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुरवठादाराच्या नावावरचे खाते हलवण्याचे पत्र आजच तयार केले. तंत्रज्ञांची तीन ॲप्स एकत्र करून एकच ऑफलाइन चालणारे ॲप करणे हे पहिल्या वर्षाचे काम ठरवावे, असे मनात आहे. दोन शंका उरतात. मग सर्वांसाठी एकच मोठे ॲप का नको? आणि जुनी ॲप्स बंद करताना काय सांभाळावे?

दीपस्तंभ यांचे उत्तर

एकच ॲप सर्वांसाठी केले तर ग्राहकाच्या फोनमध्ये कर्मचाऱ्यांच्या स्क्रीनचा भार जातो, एका विभागाची चूक सगळ्यांचे प्रकाशन अडवते आणि परवानग्यांची यादी इतकी लांबते की ग्राहक ती वाचून मागे फिरतो. विभागांप्रमाणे नव्हे, तर वापरणाऱ्या माणसाच्या भूमिकेप्रमाणे ॲप्स ठेवा: ग्राहकाचे एक, विक्रेत्याचे एक, तंत्रज्ञांचे एक, गोदामाचे एक. ११ वरून ४ किंवा ५ वर येणे पुरेसे आहे. कर्मचाऱ्यांचे ॲप त्यांच्या स्वतःच्या फोनवर जाणार असेल, तर अँड्रॉइडवर कामाची वेगळी प्रोफाइल (कंपनीच्या ॲप्सचा फोनमधला स्वतंत्र कप्पा) वापरा आणि कंपनीला त्यांच्या फोनमधले काय दिसते व काय दिसत नाही, हे त्यांना साध्या भाषेत लेखी द्या. ही शंका मिटली नाही तर लोक ॲप घेतात, पण वापरत नाहीत.

बंद करण्याबाबत सांगायचे तर स्टोअरमधून ॲप काढले म्हणून ते फोनमधून जात नाही. ते आपल्या सर्व्हरला विचारतच राहते. आधी शेवटची एक आवृत्ती काढा, जी वापरकर्त्याला नव्या ॲपकडे नेईल. त्यानंतर जुन्या ॲपकडून सर्व्हरवर रोज किती विनंत्या येतात ते मोजत राहा आणि संख्या जवळपास शून्यावर आल्यावरच ती सेवा थांबवा. ग्राहकांच्या ॲपमध्ये खाते उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच काढून टाकण्याची सोय ॲपलने ३० जून २०२२ पासून सक्तीची केली आहे, तेव्हा विलीनीकरणात ती सुटणार नाही, हे पाहा. न पोहोचलेल्या नोंदी जुन्या ॲपच्या रांगेत अडकलेल्या असू शकतात. तंत्रज्ञांना बदलाची तारीख देण्यापूर्वी त्या सर्व्हरवर आल्याची खात्री प्रत्येक फोनपुरती करून घ्या.

नव्या ॲपची पहिली चाचणी कार्यालयात न घेता त्याच तंत्रज्ञांबरोबर त्याच तळघरात घ्या, आणि त्या दिवशी डायरी किती वेळा बाहेर निघाली ते व्यवस्थापनाला दाखवायच्या अहवालात लिहा.