मदत हवी आहे: दारू सुटलीय, पण भावकीतल्या हळदीला जावं का?

नमस्कार. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार पूर्ण करून हे नुकतेच घरी आलेत. दिवस कामात निघून जातो, संध्याकाळी सात वाजले की येरझाऱ्या सुरू होतात. सारखं गोड लागतं. काल गोड चहा घेऊनही वर गुळाचा खडा तोंडात टाकला. झोप तुटक, चिडचिड भरपूर. सुरुवातीचे काही महिने असं होतंच, हे समुपदेशकांनी सांगितलंय.

खरी धास्ती पुतण्याच्या हळदीची आहे. आमच्याकडे त्या रात्री मांडवामागे बाटल्या उघडतातच, आणि "एका पेगनं काय होतंय" म्हणणारे सख्खे चुलतभाऊच असतात. यांना दारूपासून लांब राहण्यासाठी डायसल्फिरामची गोळी चालू आहे. त्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. कुणी गुपचूप कोल्ड्रिंकमध्ये मिसळली तर? न गेलो तर सासूबाई दुखावतील.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा: हळद टाळून फक्त अक्षतांना जाऊन यावं का? भावकीला गोळीबद्दल आधीच सांगावं का? आणि त्या संध्याकाळी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला जा, हे यांना कसं सुचवू, म्हणजे मी पाळत ठेवतेय असं वाटणार नाही?